बास कुणी म्हणायचं

आमच्या भोकरकडच्या गावांत लेकराला मारायची एक रीत होती. घरात मारलं तर ते नुसतं मारणं, त्याला काही किंमत नाही, ते रोजचंच. पण पोरानं दुसऱ्याचं नुकसान केलं, कुणाच्या पोराचं डोकं फोडलं, कुणाच्या रानातली ओली करडई तुडवली, तर बाप त्याला दंडाला धरून त्या घराच्या दारात न्यायचा आणि तिथं मारायचा. सगळ्या गल्लीसमोर.

माझ्या धाकट्या भावानं गलोलीनं शेजारच्या काकूंचा पाण्यानं भरलेला रांजण फोडला, तेव्हा मी हे पहिल्यांदा जवळून पाहिलं. आमचे वडील तसे गरीब स्वभावाचे, बैलालासुद्धा शिवी देताना इकडंतिकडं बघायचे. पण त्या दिवशी त्यांनी भावाला काकूंच्या उंबऱ्यापुढं उभं केलं आणि पायातली चप्पल काढली. काकू आत भाकरी थापत होत्या. पहिला फटका ऐकून त्यांनी आतूनच विचारलं, ‘काय झालं वो दादा?’ काय झालं ते सगळ्यांना ठाऊक होतं, अंगणात अजून पाणी होतं. काकूंनी जरा वेळ घेतला, कारण रांजण नवा होता. मग पिठाचे हात तसेच घेऊन त्या बाहेर आल्या आणि वडिलांच्या आणि भावाच्या मधे शिरल्या. ‘बास करा की आता! लेकराचा जीव घेता का? रांजण काय, कुंभाराकडं ढिगानं पडलेत.’ वडिलांचा हात तिथल्या तिथं थांबला. काकूंनी चहा ठेवला. भावाला हुंदके देतादेता गुळाचा खडा मिळाला.

या रीतीचे नियम कुणी शिकवत नसे, ते येतच. बास म्हणायचा हक्क त्या घराचा. मारणाऱ्यानं आपणहून थांबायचं नाही, थांबला तर लोक म्हणणार, नाटक केलं. वाटेनं जाणाऱ्यानं मधे पडायचं नाही. मार खाणाऱ्याच्या बोलण्याला तर हिशेबच नाही, तो ओरडणारच. आणि एकदा बास म्हटलं की त्या घरानं तो विषय पुन्हा काढायचा नाही. मला ही रीत फार आवडायची. कोर्टकचेरीपेक्षा स्वस्त आणि वर चहा.

पुढं मी लातुरात शिक्षिका झाले आणि नोकरीची सगळी वर्षं तिथंच काढली. लातूर म्हणजे मार्कांचं गाव. जून उजाडला की उदगीर, निलंगा, देगलूर, कुठून कुठून आईबाप पत्र्याची पेटी आणि पोरगं घेऊन यायचे आणि वर्गाच्या दारात उभं राहून म्हणायचे, ‘बाई, हाडं आमची, कातडं तुमचं.’ म्हणजे हवं तेवढं सोला, फक्त मोडू नका. त्या वाक्यानं माझी मान ताठ व्हायची. एवढा विश्वास कुणी बँकेवरसुद्धा टाकत नाही. कडक बाई अशी माझी ख्याती होती आणि ती मी कष्टानं मिळवली होती. माझ्या हाताखालची पोरं आज डॉक्टर आहेत. रस्त्यात भेटली की वाकून पाया पडतात आणि म्हणतात, ‘बाई, तुमच्या छडीमुळं घडलो.’ जी घडली नाहीत ती काही पाया पडायला थांबत नाहीत, त्यामुळं त्यांचं मत मला कधी कळलं नाही.

निवृत्तीनंतर आम्ही नांदेडला राहायला आलो. घरात बसून यजमानांशी वाद घालण्यापेक्षा काहीतरी करावं म्हणून मी अर्ज केला आणि बाल न्याय मंडळावर सदस्य झाले. मंडळात तिघं असतात. एक न्यायदंडाधिकारी आणि दोन आमच्यासारखे बाहेरचे. काळा कोट नाही, उंच खुर्ची नाही, पिंजरा नाही. निरीक्षणगृहाच्या आवारात एक खोली, एक लांब टेबल, त्याच्या पलीकडं पोरगं. लोक त्या जागेला अजून रिमांड होमच म्हणतात. आमच्यापुढं यायचे ते मोबाईल उचलणारे, मोटरसायकली पळवणारे, गणपतीत मारामारी केलेले. मी त्यांना खडसावायची, ती मान खाली घालायची, आणि मला पुन्हा वर्गात गेल्यासारखं वाटायचं.

मग ते प्रकरण आलं. गावाचं नाव सांगत नाही, उमरीकडचं म्हणा. मुलगा सतरा पुरा, अठराला काही महिने कमी. मेलेला मुलगाही त्याच गावचा, त्याच वयाचा. तो लातूरला क्लासला होता आणि दिवाळीला घरी आला होता. झालं एवढंच, की या पोरानं गावातल्या पोरांच्या ग्रुपवर मोटरसायकलीवर बसलेला स्वतःचा फोटो टाकला, डोळ्यांना गॉगल. लातूरच्या मुलानं खाली लिहिलं, ‘गाडी कुणाची?’ त्यावर हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. याचा बाप दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, घरात सायकलसुद्धा नाही, हे गावाला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोयाबीन निघालेल्या रानात पोरं क्रिकेट खेळत होती. तिथं बोलाचाली झाली, आणि यानं स्टम्प उपटला. बाकीची पोरं भोवती उभी राहिली. काहींनी मोबाईल काढले. लातूरच्या मुलाला नांदेडच्या दवाखान्यात आणेपर्यंत काही उरलं नव्हतं.

ते व्हिडिओ आम्हाला दाखवले. मी म्हटलं, आवाज बंद करा. तसे पाहिले, आणि पुन्हा पाहणार नाही.

तालुक्याला बाजार बंद राहिला. मोर्चा निघाला. शाळेतल्या लेकरांना रांगेत उभं करून ‘फाशी द्या’ अशा पाट्या हातात दिल्या होत्या. त्यांतली काही इतकी लहान होती की पाटी सुलटी कुठली आणि उलटी कुठली हे मास्तरच सांगत होते. अठराच्या आतल्याला या देशात फाशी होत नाही, कितीही पाट्या रंगवल्या तरी. पण ते ऐकायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं, आणि त्यांना दोष द्यायची माझी छाती झाली नाही. पोरगं गेलं होतं त्यांचं.

आमचे हे पेपर वाचून म्हणाले, ‘एकाला कायमचा आत टाका, बाकीचे सुतासारखे सरळ होतात.’ आमचे हे बाथरूममध्ये पाल दिसली तर मला हाक मारतात. पण कडकपणाच्या बाबतीत ते नेहमीच असे शूर, आणि खरं सांगायचं तर त्या आठवड्यात माझं मत त्यांच्याहून फार वेगळं नव्हतं.

आमच्यापुढं प्रश्न असा होता. सोळाच्या वरच्या पोरानं खुनासारखं काही केलं, तर मंडळानं आधी ठरवायचं की याला पोर समजायचं की बाप्या. पोर समजलं, तर जास्तीत जास्त तीन वर्षं मुलांसाठीच्या विशेष गृहात. बाप्या समजलं, तर खटला वरच्या न्यायालयात मोठ्या माणसासारखा, आणि मग तुरुंगात किती वर्षं जातील त्याचा नेम नाही. आपण काय करतोय, त्याचं पुढं काय होणार, हे त्याला कळत होतं का, एवढं आम्ही बघायचं. आमचे साहेब, म्हणजे न्यायदंडाधिकारी, तरुण, कोकणातले, सज्जन. त्यांचा कल पाठवून देण्याकडं होता. दुसरे सदस्य अनाथ मुलांमध्ये काम केलेले. ते म्हणत होते, इथंच ठेवा. म्हणजे माझं मत ज्या बाजूला पडेल तिकडं ते पोर जाणार होतं. आणि माझं मत जवळजवळ ठरलं होतं. पाठवावं. समोरच्या घराचं पोरगं गेलंय, त्यांना तीन वर्षं हा काय हिशेब सांगायचा?

तरी मी त्याच्याशी बोलायला बसले. किडकिडीत, मिसरूड नुकतं फुटलेलं, नखं कुरतडून लाल केलेली. मी वर्गातल्याच आवाजात विचारलं, ‘डोक्यात मारल्यावर माणूस मरतो, हे तुला माहीत होतं?’

‘हाव.’

‘त्याची शिक्षा काय असते, माहीत होतं?’

‘हाव. जन्मठेप हाय. मोबाईलवर बघितलं व्हतं.’

‘मग मारताना आठवलं नाही?’

त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. मी काहीतरी विचित्र विचारतेय असा चेहरा. ‘त्या टायमाला? त्या टायमाला कायबी आठवत न्हाई, बाई. सगळे बघून राहिलेत, येवढंच दिसतंय.’ पुन्हा नखं कुरतडत तो म्हणाला, ‘मी मागं वळून बघितलं व्हतं.’

‘कशाला?’

‘कुनीतरी बास म्हनंल म्हनून.’

माझं डोकंच फिरलं. ‘म्हणजे आता चूक बघणाऱ्यांची काय?’

‘न्हाई,’ तो म्हणाला. ‘तुम्ही इचारलं म्हनून सांगून राहिलो.’

घरी येताना रिक्षात मी त्याच्यावर चरफडत होते. हुशार आहे, म्हटलं. दुसऱ्याच्या डोक्यावर खापर फोडायला बरोबर येतं. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. आमच्या गल्लीत भाऊ मार खात असताना काकूंच्या दाराकडं बघत होता, ती नजर मला आठवत होती. हा मारणारा होता आणि तरी दाराकडं बघत होता. आणि त्या रानात दारच नव्हतं.

मग बापाला बोलावलं. काळासावळा, उन्हानं रापलेला, धुतलेला शर्ट, केसांना पाणी लावून भांग पाडलेला. तो बसायला तयार होईना, उभाच राहिला. साहेबांनी विचारलं, मुलाला घरी कसं वागवत होतात? त्यानं हात जोडले.

‘सायेब, आमच्याकडून काई कमी पडलं न्हाई. लहान व्हता तवापासून सोडला न्हाई. कुनाची तक्रार आली की त्याच्या दारात नेऊन मारला. कंदीच पाठीशी घातला न्हाई. गावात कुनालाबी इचारा.’ मग जरा आवाज उंच करून, जणू हे मुख्य, असं तो सांगू लागला. ‘एकदा ह्यानं एका शेतकऱ्याच्या हिरीवरच्या मोटारीची केबल कापली. नेला त्याच्या दारात. त्यो आत टीव्ही बघत बसलेला. बाहीर आलाच न्हाई. दार उघडलंच न्हाई, सायेब. म्या म्हनलं, न्हाई उघडत तर न्हाई. माझा हात दुखायला लागला, ह्यो खाली पडला, तरीबी म्या सोडला न्हाई. आता तुमच्या हवाली केलाय. हाडं आमची, कातडं तुमचं.’

लातूरच्या वर्गाच्या दारात पेटी घेऊन उभा राहिलेला बापच तो, शब्दही तेच. साहेब मान खाली घालून भराभर लिहून घेत होते. बाप जे प्रशस्तिपत्र म्हणून सांगत होता, ते साहेब कबुलीजबाब म्हणून लिहीत होते. दोघांनाही आपण काय करतोय याची खात्री होती. मी मधे बसले होते आणि मला दोघांचं बोलणं कळत होतं, आणि अशा वेळी दोन्हीकडचं कळणं फार वाईट.

संध्याकाळी मी घरी सांगितलं, नाव-गाव न घेता. आमचे हे म्हणाले, ‘बघ. बापानं एवढं मारूनही सुधारला नाही. म्हणजे याला अजून कडक पाहिजे.’

‘कुठपर्यंत?’ मी विचारलं.

त्यांनी पेपरचं पान उलटलं.

मी मात्र एवढ्यानं विरघळणाऱ्यांतली नव्हते. मार खाल्लेली सगळी पोरं खून करत नाहीत. माझा भाऊ ग्रामसेवक झाला, पालीलासुद्धा झाडूनं हळूच बाहेर काढतो. बापाचा मार पोरांच्या गुन्ह्याला कारण म्हणून पुरत असता, तर आमच्या पिढीत गावच्या गावं तुरुंगात दिसली असती. हे मी स्वतःला पुन्हापुन्हा बजावत होते. पण मारानं धाक बसतो, हे आजवर मी डोळे मिटून धरून चालले होते, आणि हा पोरगा तर सगळ्या गावात सगळ्यांत जास्त मार खाल्लेला. धाक बसायचा असता तर याला बसला असता.

आमची मतं द्यायचा दिवस आला. मेलेल्या मुलाची आई प्रत्येक तारखेला यायची. आत बोलवायचं कारण नव्हतं तरी यायची. बाकावर बसायची नाही, व्हरांड्यात भिंतीला टेकून फरशीवर बसायची, बरोबर तिचा भाऊ. मांडीवर लातूरच्या क्लासची सॅक, मुलाची. तीत आता पोलिसांचे कागद आणि पाण्याची बाटली असायची. ती रडताना मी कधी पाहिली नाही. नुसती दाराकडं बघत बसायची. तिच्यासमोरून जाताना मी पदर सावरायचं निमित्त करून दुसरीकडं बघत असे, तिच्या डोळ्यांत बघायचं धैर्य माझ्यात नव्हतं.

मी आणि साहेब नुकतेच आलो होतो. निरीक्षणगृहातून पोराला अंगण ओलांडून आणत होते, दोन्ही बाजूंना काळजीवाहक. बाप फाटकाशी उभा होता. पोरगं व्हरांड्याच्या पायरीशी आलं, आणि बाप एकदम धावला. त्यानं पोराची कॉलर धरली, त्याला ओढत त्या बाईच्या पुढ्यात आणून उभं केलं, आणि पायातली चप्पल काढली.

पहिला फटका कानशिलात बसला. साहेब ओरडले, ‘अहो, हे काय चाललंय! धरा त्यांना!’ त्यांना वाटलं, माणसाचं डोकं फिरलं. काळजीवाहक धरायला गेले, तसा बाप त्यांना झटकून ओरडला, ‘सोडा! मारू द्या! माय बास म्हनस्तोर मारू द्या मला!’

तेव्हा मला कळलं. तो दारात आला होता. पोराला तिच्या दारात न्यायची सोय आता नव्हती, म्हणून ही व्हरांड्याची फरशीच तिचा उंबरा. तो तिच्याकडं बघत होता, मारत होता आणि बघत होता. पोरगं हात वर न करता उभं होतं. तेही तिच्याकडंच बघत होतं. दारावरचा शिपाई आमच्याच भागातला, तो बापाचा हात धरायचा सोडून जागीच थांबला. आणि मीही थांबले. लाज वाटते सांगायला, पण मधे पडले नाही. ते दार माझं नव्हतं.

ती उठली. सॅक छातीशी धरून हळूच पुढं आली. बापाचा हात हवेत राहिला. काकू पिठाच्या हातांनी बाहेर येतात, तसं आता काहीतरी होणार, असं मलासुद्धा वाटून गेलं. इथं फुटला तो रांजण नव्हता, हे मी क्षणभर विसरले.

तिनं बापाकडं पाहिलंही नाही. ती पोराला म्हणाली, ‘माझं लेकरू आखरीला काय म्हनलं रे?’

पोरानं मान खाली घातली. ती वाट बघत राहिली. काळजीवाहकांनी बापाला बाजूला केलं, पोराला आत नेलं, आणि ती तिथंच उभी. मी तिच्या शेजारून आत जाऊ लागले तेव्हा तिनं माझ्या दंडाला हात लावला. ‘बाई, तुम्ही इचारा त्याला. तुम्हाला सांगंल.’

‘विचारते,’ मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते.

आत टेबलाशी आम्ही तिघं आणि समोर तो. गालावर चपलेचा वळ उमटला होता. साहेबांनी त्याला पाणी दिलं. मी म्हटलं, ‘त्या बाईंनी तुला काहीतरी विचारलं. त्यांना उत्तर पाहिजे.’

तो ग्लासाकडं बघत राहिला. मग तो म्हणाला, ‘बास म्हनला.’

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मला तो बिनआवाजाचा व्हिडिओ आठवला, खाली पडलेल्या त्या मुलाचं उघडमिट होणारं तोंड. आवाज मीच बंद करायला लावला होता.

‘तू म्हणालास की कुणी बास म्हणेल म्हणून वळून बघत होतास,’ मी म्हटलं. माझा आवाज कडक बाईचा राहिला नव्हता. ‘तो म्हणत होता ना? मग थांबला का नाहीस?’

त्यानं माझ्याकडं पाहिलं. उद्धटपणा असता तर बरं झालं असतं. कांगावा असता तरी चाललं असतं. पण त्याला खरोखरच प्रश्न कळला नव्हता.

‘ज्याला मार बसतो त्यानं बास म्हनलं म्हनून कुनी थांबतं का, बाई?’ तो म्हणाला. ‘मीबी लई येळा म्हनलोय.’

दुसरे सदस्य चष्मा पुसत बसले. रीतीतला तो एवढासा नियम, मार खाणाऱ्याच्या बोलण्याला हिशेब नाही, मी लहानपणापासून इतरांसारखाच पाठ केला होता, आणि त्याच्याकडं कधी नीट पाहिलं नव्हतं. या पोरानं तो चांगला पाठ केला होता. जन्मठेप त्याला ठाऊक होती, मरण ठाऊक होतं, कायदा मोबाईलवर पाहिला होता. खाली पडलेल्याचा शब्द हाही शब्द असतो, एवढंच त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आणि आम्हाला विचारलं होतं, याला कळत होतं का?

मी लिहून दिलं, इथंच ठेवा. दयेनं नाही. त्याच्याबद्दल माया वाटत होती असंही नाही, त्या वेळी तर त्याच्याकडं बघवत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं, की अजून मारून, अजून मोठ्या भिंतीआड टाकून त्याला जे शिकवता येईल, ते त्याला आधीच येत होतं. साहेबांनी वेगळं मत दिलं. निर्णय दोघांचा झाला. जास्तीत जास्त तीन वर्षं.

मी बरोबर केलं का, मला माहीत नाही. विशेष गृहातही कोपऱ्यात काठी असते, हे मी मंडळावर आल्यापासून पाहिलंय. तीन वर्षांत तिथं त्याला कुणी ते एक वाक्य शिकवील, याची हमी मी कुणाला देऊ शकत नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात टीका आली, आणि आमच्या ह्यांनी ती मला वाचून दाखवली नाही, हे त्यांचे उपकार.

पण ते नंतर. त्या दुपारी आदेश सांगून झाल्यावर मी बाहेर आले. त्या बाईचा भाऊ अंगणात ओरडत होता, ‘तीन वर्सं? तीनच? आमच्या पोराला लातूरला डाक्टर व्हायला ह्याहून जादा वर्सं लागली असती!’ बाप फाटकाबाहेर उकिडवा बसला होता, चप्पल अजून हातातच. ती मात्र व्हरांड्यात त्याच जागी उभी होती.

‘इचारलं का, बाई?’

‘आई म्हणाला,’ असं सांगावं, हे माझ्या जिभेवर आलं होतं. कुणालाही खरं वाटलं असतं. तिनं ते जन्मभर जवळ धरलं असतं. पण ती माझ्याकडं अशी बघत होती की खोटं बोलायला जीभ उचलेना.

‘बास म्हणाला,’ मी सांगितलं.

तिनं मान हलवली आणि माझ्या तोंडाकडं बघत थांबली. उमरीकडची बाई ती. तिच्याही दारात कुणीतरी पोराला आणून मारलं असेल, तीही पिठाच्या हातांनी बाहेर आली असेल. बास म्हटलं की हात थांबतो, हे तिलाही माझ्याइतकंच माहीत होतं.

‘मग?’ तिनं विचारलं.